जिनिव्हातली 45 मिनिटं

आमच्या युरोप टूरमध्ये जिनिव्हाच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. तुटक्या पायाची खुर्ची, फुलांचं घड्याळ, तळ्यातलं 140 मीटरचं कारंजं, चॉकलेटं, की बस लोझानच्या रस्त्याला. टूर मॅनेजर म्हणून इतक्यांदा केलंय की माइक हातात आला की तोंड आपोआप चालतं.

त्या दिवशी 42 जणांचा ग्रुप होता. खुर्चीपाशी मी नेहमीची टेप लावली: उंची 12 मीटर, उभारली 1997 साली, भूसुरुंगांनी पाय गेलेल्यांसाठी. मग समोरच्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीकडे हात केला. "पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ, म्हणजे लीग ऑफ नेशन्स, इथेच सुरू झाला."

"इथे नाही," मागून आवाज आला. "इथे ते 1936 ला आले. आधी तळ्याकाठच्या एका जुन्या हॉटेलात होते. आता त्याला पॅले विल्सन म्हणतात."

साताऱ्याच्या बाई. रिटायर्ड, दहावीला इतिहास शिकवायच्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघ्याला नी-कॅप, खांद्याला शबनम. खरं सांगतो, राग आला. सहा वर्षं मी ते वाक्य बोलत होतो, कुणी पकडलं नव्हतं. बसमध्ये चढल्यावर हळूच मोबाइल काढून बघितलं. बाईच बरोबर होत्या.

फुलांच्या घड्याळापाशी ड्रायव्हरने 45 मिनिटांची सुट्टी जाहीर केली. साडेचार तासांचं ड्रायव्हिंग भरायच्या आत ती घ्यावीच लागते, त्यात आपली मराठी विनवणी चालत नाही. ग्रुप चॉकलेटांकडे पळाला. बाईंनी शबनममधून वही काढली.

"बाळ, ही व्हिय-कोलेज गल्ली जवळच आहे ना? सहा नंबरचं घर बघायचंय."

नकाशात दहा मिनिटं दाखवत होतं. बाईंच्या गुडघ्याने वीस. शेवटचा चढ लागला तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि चार पावलांवर थांबत, दम खात सांगत राहिल्या.

"1919 चा मे. झ्युरिकला बायकांची परिषद भरली. खरं तर तह जिथे होईल तिथेच बसायचं ठरलं होतं, पण जर्मन बायकांना फ्रान्समध्ये कोण येऊ देणार? युद्ध थांबून सहा महिने झाले तरी दोस्त राष्ट्रांनी जर्मनीची नाकेबंदी उठवली नव्हती. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या बायका उपासमारीने पार वाळून आलेल्या. परिषदेने आधी नाकेबंदी उठवा असा ठराव केला आणि पॅरिसला अमेरिकेच्या अध्यक्षाला, विल्सनला तार ठोकली. व्हर्सायच्या तहाच्या अटी नुकत्या बाहेर पडल्या होत्या. यातून पुन्हा युद्धच होईल, हे या बायकांनी तेव्हाच सांगून टाकलं."

परत दम.

"फ्रान्सहून एक बाई उशिरा पोचली, झान मेलँ. आर्देनची. जर्मन फौजांनी उद्ध्वस्त केलेला मुलूख तो. तर एक जर्मन बाई उठली, लिडा हायमान. तिला गुलाबाची फुलं दिली, हात पुढे केला. आपल्याकडे बांधावरून दोन भाऊ वीस-वीस वर्षं बोलत नाहीत रे."

"पुढे काय झालं त्या जर्मन बाईंचं?"

"1933 ला हिटलर आला तेव्हा ती परदेशात होती. परत गेलीच नाही. म्युनिकमधली तिची सगळी कागदपत्रं, पुस्तकं जप्त झाली. झ्युरिकलाच वारली, 1943 ला."

सहा नंबर सापडलं. या बायकांच्या संघटनेचं, विमेन्स इंटरनॅशनल लीग फॉर पीस अँड फ्रीडमचं ऑफिस दोन युद्धांच्या मधल्या काळात याच पत्त्यावर होतं. सुरुवातीची सेक्रेटरी एमिली बाल्च. युद्धाला विरोध केला म्हणून अमेरिकेत तिची प्राध्यापकी गेली होती. 1946 ला शांततेचं नोबेल मिळालं. बाईंनी चष्मा पुसला, वहीतला पत्ता पुन्हा ताडून पाहिला. मी म्हटलं, "फोटो काढू?"

"नको. पाणी दे."

परत आलो तेव्हा सात मिनिटं उशीर झाला होता. आमच्या बसचा नियम पक्का आहे: उशिरा येईल त्याने गाणं म्हणायचं. टाळ्या सुरू झाल्या. मी बाईंना वाचवायला गेलो तर त्यांनीच माझ्या हातातला माइक घेतला.

"गाणं नाही येत. उजवीकडे बघा म्हणेन तेव्हा बघा."

बस मों-ब्लां पूल ओलांडून तळ्याकाठाने निघाली. बाई शाळेच्या आवाजात बोलायला लागल्या. फेब्रुवारी 1932, निःशस्त्रीकरण परिषद. उद्घाटनच तासभर लांबलं, कारण जपान शांघायवर बॉम्ब टाकत होता आणि राष्ट्रसंघाच्या कौन्सिलला आधी त्यावर बसावं लागलं. चार दिवसांनी, 6 तारखेला, देशोदेशीच्या बायका सह्यांचे गठ्ठे घेऊन आल्या. शस्त्रं कमी करा, एवढीच मागणी. सह्या 80 लाखांच्या वर. "ईमेल नव्हता तेव्हा. एकेक दार वाजवून." त्या कामात राबलेल्यांत हॉलंडची रोझा मानुस होती. ज्यू. नाझींनी तिला राव्हेन्सब्रुकच्या छावणीत पाठवलं. ती परत आली नाही.

"आता उजवीकडे... नाही, डावीकडे बघा! ते पॅले विल्सन. त्या परिषदेसाठी त्याला लागून काचेचा एक मंडप बांधला होता. 1987 च्या आगीत जळाला."

42 माना डावीकडे वळल्या. दोन सेकंदांत इमारत मागे गेली. कुणाचा फोटो आला नाही.

"मग त्या सह्यांचं झालं काय?" नाशिकच्या काकांनी विचारलं.

"परिषद फसली. 1933 च्या ऑक्टोबरात जर्मनी उठून गेला."

मागच्या सीटवरून कॉलेजातला एक पोरगा ओरडला, "बाई, हा प्रश्न किती मार्कांना?"

हशा पिकला. बाईही हसल्या. "राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे लिहा, तो पाच मार्कांना. तीस वर्षं पेपर काढले, दरवर्षी टाकायचे. हा कधी काढलाच नाही मी."

माइक माझ्या हातात देऊन त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. पुढच्या थांब्याची माहिती मी पाच मिनिटं उशिरा सुरू केली.