भुकेचं मोजमाप

भूक लागली हे कळायला लॅब लागत नाही, पोटात कावळे ओरडले की झालं. पण त्या कावळ्यांची शिरगणती करायची म्हटली, की घ्रेलिन हे भूक जागवणारं संप्रेरक (हॉर्मोन) रक्तात मोजावं लागतं. आणि घ्रेलिन हे प्रकरण भलतंच नाजूक आहे.

जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ मध्ये उंदराच्या जठरातून ते वेगळं केलं. २८ अमिनो आम्लांची साखळी आणि तिच्या तिसऱ्या जागेवरच्या सेरीनला चिकटलेलं आठ कार्बनचं ऑक्टॅनोइक आम्ल. हेच आम्ल आपल्या खोबरेल तेलातही थोडंफार सापडतं. ही शेपटी असेल तरच घ्रेलिन मेंदूला भुकेचा निरोप देतं. गंमत अशी, की रक्तातली एन्झाइम्स ही शेपटी सतत तोडत असतात, आणि रक्त सुईतून ट्यूबमध्ये आलं म्हणून त्यांचं काम थांबत नाही.

म्हणून खरी परीक्षा मोजणीच्या (एलायझा चाचणीच्या) प्लेटवर नव्हे, रक्त घेण्याच्या टेबलावर होते. साधी लाल झाकणाची ट्यूब इथे बाद. रक्त गोठायची अर्धा तास वाट बघेपर्यंत बरंचसं सक्रिय घ्रेलिन शेपटी गमावून बसतं. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळी ट्यूब आधीच बर्फात ठेवायची, रक्त येताच त्यात एईबीएसएफसारखं, त्या एन्झाइम्सना रोखणारं रसायन घालायचं (साधारण दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम) आणि ४ अंशांवर लगेच सेंट्रिफ्यूज करायचं, म्हणजे यंत्रात गरगर फिरवायचं. वर आलेल्या प्लाझ्मात (रक्तपेशी खाली बसल्यावरच्या द्रवात) शेपटी टिकावी म्हणून आम्ल घालायचं. बऱ्याच पद्धतींत १ मिलिलिटर प्लाझ्माला १ नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे १०० मायक्रोलिटर घालतात, पण शेवटचा शब्द किटच्या पत्रकाचा. मग छोटे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर. एकच मोठी कुपी पुन्हा पुन्हा वितळवली, तर आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात.

पेशंटला ‘उपाशी या’ एवढं सांगून भागत नाही. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, आणि ती पोटात गेली की घ्रेलिन खाली येतं. ‘रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी’ असं स्पष्ट सांगितलेलं बरं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारावं. किटमध्ये स्ट्रेप्टॅव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) असेल, तर सँडविच पद्धतीत (दोन अँटीबॉडींच्या मध्ये घ्रेलिन पकडतात ती) जास्तीच्या बायोटिनमुळे आकडा खोटाच कमी येऊ शकतो.

आता प्लेट. ९६ वेल्स (छोटे खळगे), तळाला घ्रेलिन पकडणारी अँटीबॉडी. पकडलेल्या घ्रेलिनवर नंतर एन्झाइम लावलेली दुसरी अँटीबॉडी बसते. सॅम्पल वितळल्यावर त्यात पांढरे कण दिसतात. आम्लामुळे साकळलेली प्रथिनं ती. पुन्हा सेंट्रिफ्यूज करून वरचाच भाग घ्यायचा, नाहीतर पिपेटची टिप तुंबते आणि दोन जुळ्या वेल्समधला आकडा एकमेकांशी बोलत नाही. स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं घ्रेलिन), कंट्रोल (पडताळणीचा नमुना), सॅम्पल सगळे जोडीनेच लावावेत. जोडीतला फरक १५ टक्क्यांच्या वर गेला, तर ते सॅम्पल पुन्हा लावावं, सरासरी काढून झाकपाक करू नये.

सर्वांत कंटाळवाणं काम धुण्याचं, आणि निम्मे घोटाळे तिथेच. दर खेपेला वेलमध्ये सुमारे ३०० मायक्रोलिटर बफर, मग प्लेट उलटी करून टिश्यूच्या गठ्ठ्यावर ठक ठक आपटायची. धुणं अर्धवट राहिलं, तर एन्झाइम लावलेली अँटीबॉडी मागे उरते आणि ब्लँकसुद्धा (घ्रेलिन नसलेली वेल) निळा होतो. टीएमबी हे रंग देणारं रसायन घातल्यावर येणारा तो निळा रंग बघायला छान, पण बघत बसू नये. ज्या क्रमाने टीएमबी घातलं, त्याच क्रमाने आणि त्याच वेगाने थांबवणारं आम्ल घालायचं. निळ्याचा पिवळा झाला की बुडबुडे फोडून ४५० नॅनोमीटरवर वाचायचं. कडेच्या वेल्समध्येच रंग गडद किंवा फिका आला, तर प्लेट झाकली होती का आणि एसीचा झोत थेट तिच्यावर होता का, हे आधी बघावं.

एवढं करून हाती आलेला आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी लगेच ताडून बघू नये. तिकडे पिकोमोल प्रति लिटर, इकडे पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. मानवी शेपटीवाल्या घ्रेलिनसाठी १ पिकोमोल प्रति लिटर म्हणजे सुमारे ३.३७ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. शिवाय तिकडचं किट एकूण घ्रेलिन मोजणारं असेल, तर ही गुणाकाराची उठाठेवही फुकट. रक्तात बिनशेपटीचं घ्रेलिन कितीतरी जास्त असतं.