ओव्हरव्होल्टेज ट्रिप: चार व्होल्ट न्यूट्रलमध्ये सापडले

केबल बदलूनही पाच किलोवॅटचा सिंगल फेज सोलर इन्व्हर्टर ऐन दुपारी सुटतच होता: वीज बाहेर ढकलताना व्होल्टेज २५३ च्या मर्यादेला टेकलं की तो आपोआप बंद पडतो. घर भाटाच्या (माडांच्या बागेच्या) आत, मीटर गेटपाशी, मध्ये २८ मीटर केबल. ४ चौरस मिमी तांब्यावर २१ अँपिअरला तिथे सहा व्होल्ट चढायचे, १० चौरस मिमीवर २.४. तरीही स्क्रीनवर २५३ आणि ट्रिप. म्हणजे उरलेला चढ मीटरच्या पलीकडचा.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) उतरवून घेण्याचा. ११ केव्ही/४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बिनभाराचा फेजला २५० देतो, त्यामुळे शंका रास्तच. पण इन्व्हर्टर बंद ठेवून भर दुपारी मीटरपाशी २४१ मिळाले. चालू करून २१ अँपिअरला २५०.६. फरक ९.६ व्होल्ट, म्हणजे बाहेरचा लूप (फेज-न्यूट्रल मिळून तारांचा रोध) ०.४६ ओहम. खांबापासून मीटरपर्यंत ३५ मीटर, १० चौरस मिमी ॲल्युमिनियम. जाऊन-येऊन त्याचे ०.२२ ओहम. ट्रान्सफॉर्मर जवळ आहे, तेव्हा एलटी (कमी दाबाच्या) लाइनवर एवढं खापर फोडता येत नाही.

गुंता सुटला तो अर्थ-पिटमुळे (अर्थिंगच्या खड्ड्यामुळे). पिट संदर्भ धरून फेज आणि न्यूट्रल वेगवेगळे मोजले, इन्व्हर्टर चालू आणि बंद. फेज २.६ व्होल्टच हलला, न्यूट्रल तब्बल ७! दोन्ही तारा सारख्याच, तर फरकही सारखाच हवा. (हे मोजमाप ट्रू आरएमएस, म्हणजे खरं प्रभावी व्होल्टेज दाखवणाऱ्या, कॅट ४ सुरक्षा-वर्गाच्या मल्टीमीटरनेच करा. स्वस्तातला क्लॅम्प मीटर इथे एका व्होल्टाचीही खात्री देत नाही, आणि सगळा खेळ एकेका व्होल्टाचा आहे.)

खांबावरच्या न्यूट्रलला तांब्याचा तुकडा थेट ॲल्युमिनियमवर पिळलेला निघाला. खारी हवा आणि चार महिने पाऊस, पांढरी भुकटी धरणारच. त्या एका जोडात ४.१ व्होल्ट, २१ अँपिअरला ८६ वॅटची उष्णता. लाइनमनने लाइन बंद करून बायमेटॅलिक (तांबं-ॲल्युमिनियम जोडणारा) कनेक्टर आणि ग्रीस लावून जोड नवा केला. खांबावरच्या कामाला आपण हात लावायचा नाही. कनेक्टर घेताना वरून तांब्याचा रंग दिलेलं ॲल्युमिनियम नाही ना, एवढं खरवडून बघा.

आता चालू असताना मीटरपाशी २४६.५, इन्व्हर्टरवर २४८.९. आठवड्याचे सहा दिवस एकही ट्रिप नाही!

रविवार मात्र शिल्लक आहे. आसपासचा भार उतरला की मूळ व्होल्टेजच २४६ वर जातं, त्यात आपला ७.९ चा चढ (बाहेर ५.५, केबलमध्ये २.४), झाले २५३.९. मर्यादा २६५ करून टाका म्हणणारे भेटतील, नको. सीईएच्या (केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या) २०१३ च्या नियमांत २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ वर, दोन सेकंदांत सुटणं बंधनकारक आहे, आणि २६० वर घरातले फ्रिज-एलईडीही सुखी नसतात. त्याऐवजी पी(यू) मोड, म्हणजे व्होल्टेज चढेल तशी इन्व्हर्टरने वीज कमी करायची: २५० पासून उतार, २५३ ला २० टक्के. हिशोबाने इन्व्हर्टर २५१ च्या आसपास स्थिरावून सव्वातीन किलोवॅट देत राहील. क्यू(यू), म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवरने व्होल्टेज आवरणं, यावर भिस्त नाही. बारीक सर्व्हिस वायरमध्ये रोधच जास्त, रिॲक्टिव्हचा परिणाम नगण्य.

पुढचा बेत सर्व्हिस वायर १६ चौरस मिमी करून घेण्याचा होता. त्यातून १.७ व्होल्ट वाचले असते. पण हे लिहितानाच आकडा जुळला: भाटातला दीड एचपीचा पंप सात अँपिअर घेतो, म्हणजे बाहेर तेवढा प्रवाह कमी आणि बाहेरच्या लूपच्या आता उरलेल्या ०.२६ ओहमवर १.८ व्होल्ट कमी, फुकटात. तेव्हा अर्ज तूर्त बाजूला; पंपाच्या स्टार्टरला टायमर, रविवारी साडेअकरा ते दोन. पावसाळ्यात माडांना पाणी लागत नाही, तेव्हा त्याच टायमरवर काँटॅक्टरमार्फत (मोठा भार जोडणाऱ्या स्विचमार्फत) दोन किलोवॅटचा गीझर: ८.७ अँपिअर, २.३ व्होल्ट. पण टाकी तापली की थर्मोस्टॅट तोडणार, म्हणून गीझर साडेबाराला सुरू करायचा.