फिरता स्क्रीन नसताना कमलबस्तीचं छत

बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 सालची. मंडपाच्या छतातून खाली उमललेलं तिचं दगडी कमळ बरोबर मधोमध खालून टिपायला निकॉन डी40 हा जुना डीएसएलआर कॅमेरा पुरतो. त्याचा स्क्रीन फिरत नाही, आधी दृश्यही दाखवत नाही, पण इथं नजरेपेक्षा कॅमेरा ठेवण्याला महत्त्व आहे.

परवानगी विचारून कॅमेरा कमळाखाली उताणा ठेवा. आयपीसचं, म्हणजे डोळा लावायच्या काचेभोवतीचं रबर स्क्रीनच्या पुढे आलेलं असतं, म्हणून तो कलतो. खालच्या बाजूला रुमालाची घडी सरकवा. लेन्सच्या कड्यावर मोबाईल हलकेच आडवा ठेवून लेव्हल ॲपमध्ये दोन्ही दिशांना शून्य आणा. मोबाईल उचला, मधल्या पॉइंटनं फोकस घ्या, लेन्सवरचं बटण एम वर (हाताने फोकस) करा. आता पुढच्या कड्याला हात नको, फोकस तिथूनच फिरतो. लेन्सचा झूम 18 मिमी, छिद्र एफ/8, प्रकाशाची संवेदनशीलता आयएसओ 200, आणि सेल्फ-टायमर. अर्धा सेकंद लागला तरी चालेल, कॅमेरा जमिनीवरच आहे. तुम्ही मात्र लांब सरका. छत 3 मीटरवर असेल तर चौकटीत साधारण 3.9 बाय 2.6 मीटर भाग येतो, आणि जवळचं डोकं पटकन आत शिरतं.

पहिल्या फोटोत कमळाचं टोक बहुधा एका बाजूला झुकलेलं दिसेल. ते ज्या खांबाकडे झुकलंय, त्याच खांबाकडे कॅमेरा दोन-तीन सेंटिमीटर सरकवा. डावं-उजवं बघून सरकवू नका. कॅमेरा वर बघतो, तुम्ही खाली, त्यामुळे दिशा उलटतात. खांब ओळखूनच सरकवा. दर वेळी लेव्हल पुन्हा बघा. चार-पाच फोटोंत पाकळ्या चारही बाजूंना सारख्या येतात, आणि तो क्षण सगळे कष्ट वसूल करतो.

खानापूरकडे भाताच्या बांधावर कॅमेरा टेकवतानाही डोळा लावता येत नाही. दोन मीटरवरच्या वस्तूवर फोकस घेऊन एम करा. 18 मिमी, एफ/8 ला एक मीटरपासून क्षितिजापर्यंत स्वच्छ येतं. आयपीस मात्र झाका. मागून ऊन शिरलं की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, भात काळपट येतो. चौकट सैल ठेवा. चारही कडांनी दहा टक्के कापलं तरी 3008 बाय 2000 पिक्सेलमधून 2400 बाय 1600 उरतात, म्हणजे 8 इंच रुंद प्रिंट 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) निघते.