साडेपाच टनांचा आग्रह : जुन्या डक्टवर नवा एसी बसवण्याचा माझा अनुभव

औंधमधलं आमचं रो-हाउस आम्ही घेतलं, तेव्हा तळमजल्यावर आधीच्या मालकांचं ऑफिस होतं. त्यामुळे फॉल्स सीलिंगमध्ये खोल्यांत हवा नेणारे पत्र्याचे डक्ट, वर साडेपाच टनांचं मशीन, असा सगळा संसार आयताच मिळाला. मशीन आर-२२ गॅसवर चालणारं, म्हातारं. सासूबाईंना पुण्याची डिसेंबरातली थंडी सोसत नाही, म्हणून नवं घेताना थंड आणि गरम दोन्ही करणारं घ्यायचं ठरलं. डक्ट मात्र तेच ठेवायचे होते. ते बदलायचे म्हणजे सगळं सीलिंग उतरवा, पुन्हा पीओपी, पुन्हा रंग.

विक्रेत्यांकडे पहिला प्रश्न ठरलेला : "मॅडम, साहेब घरी आहेत का?" साहेब आहेत, पण एसी मी घेतेय. दुसरा प्रश्न : "एरिया किती?" साडेसातशे चौरस फूट. लगेच मोबाइलवर भागाकार, एकशेचाळीसने. "साडेपाच टन. आता आहे तेवढंच बसवू. कशाला डोकं लावता?"

आता डोकं लावण्याचं कारण. एरियाला भागून टनेज काढायचं, तर पश्चिमेची काच कुठे मोजली? आमच्या हॉलला पश्चिमेला दहा बाय सात फुटांचा सरकता काचेचा दरवाजा आहे. एप्रिलमध्ये चार वाजता त्यातून जे ऊन येतं, ते एकटंच पाऊण टनाच्या आसपास भरतं. उलट आमच्या डोक्यावर तापणारी गच्ची नाही, वरचा मजला आहे. म्हणजे तोही भार वजा. माणसं किती, दिवे किती, भिंती कुठल्या बाजूच्या, बाहेरची हवा किती येते, या सगळ्याची बेरीज म्हणजे हीट लोड. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एक माप) एवढी उष्णता बाहेर काढणं, किंवा साधारण साडेतीन किलोवॅट. हे शाळेतल्या मुलालाही कळेल.

हीट लोडचा कागद मागितला आणि तिथेच गाडी रुतली. "इंजिनिअर येतील" म्हणाले. इंजिनिअर आले, टेप काढली, खोल्या मोजल्या, फोटो काढले, गेले. सीलिंगचं ट्रॅप डोअर उघडून डक्टकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मग "मेल करतो". मेल येईना. फोन केला की "शीट तयार आहे, सरांची सही बाकी आहे." सर म्हणजे कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. अखेर एकदाची शीट आली. एका पानाची. खोलीचं नाव, एरिया, टनेज, खाली बेरीज : साडेपाच. तोच भागाकार, फक्त चौकटीत बसवलेला आणि वर कंपनीचा लोगो. काचेचा उल्लेख नाही, दिशेचा नाही.

मी विचारलं, "या मशीनचा पंखा किती दाबाला किती हवा देतो, त्याचा तक्ता द्या."
"स्टॅटिक एकदम चांगला आहे मॅडम." (स्टॅटिक म्हणजे डक्टमधून हवा ढकलायला पंखा देतो तो दाब.)
"चांगला म्हणजे किती?"
"कंपनीचं मशीन आहे. काळजी करू नका."

हा तक्ता म्हणजे काही लष्करी गुपित नव्हे. प्रत्येक डक्टेबल मशीनच्या तांत्रिक पुस्तिकेत तो असतो. पण मागितला की समोरचा माणूस आपण त्याचं पॅन कार्ड मागितल्यासारखा बघतो. कधी "हेड ऑफिसला लिहिलंय", कधी "तो डीलरला देत नाहीत", तर एकदा चक्क रंगीत जाहिरातपत्रक पाठवलं, ज्यावर हसणारं कुटुंब होतं. मधल्या काळात उन्हाळा अर्धा सरला आणि भावही वाढले. "मॅडम, ऑफर रविवारपर्यंतच" हे मात्र त्यांनी दर रविवारी न चुकता कळवलं.

शेवटी मैत्रिणीच्या ओळखीने भोसरीतले एक डक्ट फॅब्रिकेटर मिळाले. साठीचे असतील. आल्या आल्या चहा नको म्हणाले आणि शिडी मागितली. मुख्य डक्टची बाहेरून मापं घेतली, इन्सुलेशनची जाडी वजा केली : आतून वीस बाय बारा इंच. म्हणजे १.६७ चौरस फूट. "ताई, एका टनाला चारशे सीएफएम, म्हणजे मिनिटाला चारशे घनफूट, हवा लागते. साडेपाच टनांना बावीसशे. या डक्टमधून ती मिनिटाला तेराशे फुटांच्या वेगाने, आवाज करत जाणार. ऑफिसला चालतं. तुम्हाला बेडरूममध्ये झोपायचंय, तर हजारच्या आत ठेवा." चार टनांना सोळाशे सीएफएम, वेग ९६०. पुण्याची उंची साधारण ५६० मीटर, हवा समुद्रकाठापेक्षा थोडी विरळ, म्हणून चारशेचा आकडा इथे ताणून कमी करू नका, हेही त्यांनीच सांगितलं.

मग जुनं मशीन चालू ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना, हवा आत शिरते तिथे आणि बाहेर पडते तिथे, बारीक भोकं पाडली आणि दाब मोजणाऱ्या मॅनोमीटरच्या नळ्या लावल्या. आकडा आला नऊ मिलिमीटर पाण्याचा (हवेचा दाब असा पाण्याच्या उंचीत मोजतात). प्रत्येक डिफ्यूझरखाली (छतातल्या हवा सोडणाऱ्या जाळीखाली) हवेचा वेग मोजणारा अ‍ॅनिमोमीटर धरून हवा मोजली, बेरीज सतराशेच्या आसपास. म्हणजे साडेपाच टनांच्या त्या मशीनने या डक्टमधून बावीसशे कधी दिलेच नव्हते! आणि दाब हवेच्या प्रमाणाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे हवा दुप्पट तर दाब चौपट : बावीसशे हवेत तर पंख्याला पंधरा मिलिमीटर लागणार. मला तक्ता का हवा होता, ते हेच.

आणि आजवर कोणी न बघितलेली गोष्ट : रिटर्न. सप्लायचे डिफ्यूझर सगळे मोजतात, हवा परत ओढणारी जाळी कुणी मोजत नाही. आमची होती दोन बाय एक फूट. सोळाशे सीएफएमला निदान चार चौरस फूट हवी, नाहीतर शिट्टी वाजते. शिवाय परतीची हवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीतूनच येत होती, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीची धग आणि स्वयंपाकघरातली फोडणी दोन्ही ओढून. आणखी एक जाळी बसवली, रिटर्नला स्वतंत्र डक्ट दिला, सांधे सीलंट आणि अ‍ॅल्युमिनियम टेपने बंद केले.

बाहेरच्या बाजूने काचेवर बांबूचे पडदे टाकले. आतले पडदे ऊन घरात आल्यावर अडवतात, त्याचा उपयोग कमी. हे धरून भार चार टनांच्या आत आला. थंडीचा हिशोब तर आणखी सोपा : पुण्यात रात्री बाहेर दहा अंश आणि आत एकवीस धरले तरी फरक अकराचा, त्यामुळे मशीन उन्हाळ्यावरून ठरवा, हिवाळा त्यात आपोआप बसतो. वेगळे हीटर लावायला सांगतील, लावू नका. हीट पंप, म्हणजे थंड-गरम दोन्ही करणारं हेच मशीन, त्याच उष्णतेला हीटरच्या साधारण एक तृतीयांश वीज घेतो.

मोठं मशीन घेतलं तर बिघडलं काय, असं दीर विचारत होते. जुलै-ऑगस्टमध्ये बिघडतं. तेव्हा तापमान जास्त नसतं, दमटपणा असतो. मोठं मशीन खोली पटकन गार करून बंद होतं, ओल काढायला ते चालतच नाही. इन्व्हर्टर मशीन स्वतःचा वेग कमी करून थोडं सांभाळून घेतं, पण त्यालाही खालची मर्यादा असते.

चार टनांचं हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर मशीन दुसऱ्याच विक्रेत्याकडून घेतलं. त्याने तक्ता दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, काही न विचारता. सोळाशे सीएफएमला दहा मिलिमीटरपर्यंत पंखा तग धरतो, आमची गरज रिटर्न सुधारल्यावर सहाची निघाली. पहिल्या विक्रेत्याचा माणूस अजून फोन करतो, ऑफर रविवारपर्यंत आहे म्हणून.

जुनी तांब्याची पाइप वापरू म्हणतील, नवीन टाकून घ्या. नव्या मशीनमधल्या आर-४१०ए गॅसचा दाब आर-२२ पेक्षा बराच जास्त असतो आणि कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं. पाइपची गळती तपासायला नायट्रोजनने प्रेशर टेस्ट आणि मग आतली हवा काढायला व्हॅक्यूम, दोन्ही आपल्यासमोर. अ‍ॅनिमोमीटर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतो, घेऊन ठेवा, कारण बसवणारे हवा "हाताने बघतात". आणि डॅम्पर (डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप) फिरवून प्रत्येक खोलीची हवा जुळवून देईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. आम्ही दिला नव्हता. त्यामुळे ते सासूबाईंच्या खोलीचा डॅम्पर लावायला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर होते, तेही पावसात.