यादीत नसलेले माजी विद्यार्थी

विभागाच्या विद्यार्थी मंडळात माजी विद्यार्थी आणि सध्याचे विद्यार्थी यांची गाठ घालून देण्याचे काम मी करते. बाहेरच्यांना हे स्नेहमेळावे भरवण्याचे काम वाटते. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग माणसे शोधण्यात जातो. पदवीनंतर विद्यापीठाचा ईमेल बंद पडतो, फोन क्रमांक आणि आडनावे बदलतात, आणि मंडळाचे पदाधिकारी बदलले की एखादी फाइल हमखास गहाळ होते.

जोड्या लावण्याचा भाग मात्र मला मनापासून आवडतो. माजी विद्यार्थी अर्जात ‘कोणतीही मदत करण्यास तयार’ असे लिहितात आणि विद्यार्थी ‘मार्गदर्शन हवे’ असे. या दोघांची जोडी लावली, तर पहिल्याच भेटीत बोलायचे काय हा प्रश्न पडतो. याउलट एका माजी विद्यार्थिनीने ‘महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी अर्धा तास, फक्त बायोडाटा तपासून देईन’ असे लिहिले, आणि तिच्याकडे दिलेले तिन्ही विद्यार्थी वर्षभर टिकले. म्हणून मी अर्जातला ‘सध्याचे पद’ हा रकाना खाली नेऊन ‘तुमचा कोणता विषय राहिला होता?’ हा प्रश्न वर आणला. विभागप्रमुखांना तो शोभत नाही असे वाटले आणि पुढच्या वर्षी पद पुन्हा वर गेले.

गेल्या मेळाव्यात तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. तिचे दोन विषय राहिले होते, पण अर्जात तिने ते लिहिले नव्हते, कारण तसे विचारणारा रकानाच आता नव्हता. आवडीचा विषय जुळतो म्हणून मी तिला मोठ्या हुद्द्यावरच्या एका माजी विद्यार्थ्यासमोर बसवले. त्यांनी ठरलेल्या वीस मिनिटांपैकी अठरा मिनिटे स्वतःची वाटचाल सांगितली. (हुद्दा जितका मोठा, तितके प्रश्न कमी विचारले जातात, असे माझे निरीक्षण आहे.) ती मान डोलावत राहिली.

त्याच दिवशी एक गृहस्थ जुन्या वर्गमैत्रिणीबरोबर आले होते. त्यांचे नाव यादीत नसल्यामुळे मी कोऱ्या बॅजवर ते हाताने लिहून दिले. त्यांनी तिसऱ्या वर्षी शिक्षण सोडले होते. मेळावा संपला, खुर्च्या एकावर एक रचल्या जाऊ लागल्या, तरी ती मुलगी त्यांच्याशी बोलत बसलेली होती आणि या वेळी प्रश्न तेच अधिक विचारत होते. पंधरा दिवसांनी तिने विभाग बदलण्याचा अर्ज दिला.

विभागप्रमुखांनी मला बोलावून विचारले, ‘‘मेळाव्यामुळे आपलीच मुले जाणार असतील, तर तो भरवायचा कशासाठी?’’ प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, आणि त्यांनी मला दोषही दिला नाही. पण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडलेला विचार मी दर वर्षी नव्या स्वयंसेवकांना समजावून सांगते: जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते, त्यामुळे नोकरीची नवी माहिती बऱ्याचदा जुजबी ओळखीच्या माणसांकडून मिळते. त्या सभागृहात सर्वांत जुजबी ओळखीचा माणूस तोच होता, आणि त्याला मी बोलावलेलेही नव्हते. बोलावणे शक्यही नव्हते, कारण आमची यादी पदवीधरांच्या नोंदीतून तयार होते. मध्येच सोडून गेलेले तिच्यात येतच नाहीत. ती मुलगी राहिली असती तर दोन्ही विषय सुटले असते का, की तिने जाणेच बरे होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या गृहस्थांचा क्रमांक मी मागून घेतला आहे. आमच्या तक्त्यात ‘पदवीचे वर्ष’ भरल्याशिवाय नवी नोंद जतन होत नाही. तिथे त्यांच्या प्रवेशाचे वर्ष टाकले तर चालेल का, हे मी विभागप्रमुखांना अद्याप विचारलेले नाही.