अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लोह कुठून मिळतं

पावसाळ्यात दादर चौपाटीला उभं राहिलं की समुद्र पार मातकट दिसतो, खाड्यांतून आलेला गाळ सगळा, आणि त्या गाळात लोह भरपूर. त्यामुळे समुद्रात लोह कमी पडू शकतं हे मुंबईत बसून डोक्यातच येत नाही. पण अंटार्क्टिकाभोवतीच्या खुल्या समुद्रात नेमकं तेच होतं. शैवालाला खतासारखं लागणारं नायट्रेट आहे, फॉस्फेट आहे, उन्हाळ्यात दिवस लांबलचक, तरी लोह कमी म्हणून सूक्ष्म शैवाल हवं तसं वाढत नाही. आपल्या सोसायटीत येतो तसा 10,000 लिटरचा टँकर तिथल्या पाण्याने भरला तर बऱ्याच ठिकाणी त्यात विरघळलेलं लोह निघेल मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं!! मोजणंही कठीण, कारण जहाजच लोखंडाचं, जरा गंज लागला की सॅम्पल वाया.

किनाऱ्याजवळ मात्र वेगळंच. पश्चिम अंटार्क्टिकाच्या अमुंडसेन समुद्रात पाइन आयलंड आणि थ्वेट्स या हिमनद्यांसमोर जे मोकळं पाणी असतं ते डिसेंबर-जानेवारीत हिरवंगार होतं. खोलवरचं त्यातल्या त्यात गरम पाणी तरंगत्या बर्फाच्या खाली शिरतं, बर्फ खालून वितळतो, ते गोडं पाणी हलकं म्हणून वर चढतं आणि वर येताना तळाच्या गाळातलं लोह असलेलं खोल पाणीही ओढून आणतं. म्हणजे नुसतं वितळलेल्या बर्फातलं लोह नाही, हा एक पंपच आहे, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

मग आपणच लोह टाकलं तर? शैवाल वाढताना कार्बन शोषतं, ते मरून खोल बुडालं तर तो कार्बनही हवेपासून दूर जाईल, अशी कल्पना. 2009 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण अटलांटिकमध्ये 300 चौरस किमीवर टाकून पाहिलं, लोहाफेक्स नाव त्याचं. शैवाल वाढलं, पण पाण्यात सिलिका फारशी नव्हती म्हणून डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं शैवाल, वाढले नाहीत, बाकीचं शैवाल कोपेपॉडसारख्या बारीक जिवांनी खाल्लं आणि कार्बन खोल फारसा गेलाच नाही. लोह टाकून हवामान सुधारू म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आणि बर्फ जास्त वितळला तर लोह वाढेल, बरंच की, असंही नको. अमुंडसेनमधलं हिरवं बहुतेक फिओसिस्टिस नावाचं दुसरंच शैवाल असतं, क्रिलला, म्हणजे तिथल्या कोळंबीसारख्या छोट्या जिवांना, डायटम जास्त मानवतात, आणि थ्वेट्सचा बर्फ गेला तर समुद्राची पातळी मुंबईतही वाढणारच. आपलं भारती हे संशोधन स्टेशन 2012 पासून अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच आहे, तिथल्या पाण्यातलं लोह वर्षानुवर्षं मोजलं जावं आणि ते आकडे मराठीत वाचायला मिळावेत एवढी फार इच्छा आहे.