दहा पावलांवरचे दोन हातपंप

पाण्यावरच्या विद्यापीठीय संशोधनाचा समाजाला काय उपयोग, असा प्रश्न निघाला की मला प्रथम कोलकात्याचे जाधवपूर विद्यापीठ आठवते. तळ्याचे पाणी पिऊन पटकी-हगवणीने माणसे दगावत, म्हणून १९७०च्या दशकापासून बंगालच्या दोन्ही भागांत गावोगावी हातपंप बसले. रोगजंतूंच्या दृष्टीने ते पाणी चांगलेच होते. पण त्यात आर्सेनिक असेल अशी शंका कोणाला आली नाही. या विषाला ना रंग, ना वास, ना चव. पाणी उकळूनही ते जात नाही.

अंगावर काळे ठिपके आणि तळहात-तळपायांवर कठीण गाठी घेऊन येणाऱ्या खेडुतांचे दुखणे आर्सेनिकचे आहे, हे १९८३च्या सुमारास कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी ओळखले. जाधवपूरचे रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती १९८८ मध्ये या कामात उतरले आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्यातच राहिले. त्यांच्या गटाने वीस वर्षांत एकट्या पश्चिम बंगालमध्ये १,४०,१५० हातपंपांचे पाणी तपासले. जवळजवळ निम्म्या नमुन्यांत लिटरमागे १० मायक्रोग्रॅम या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेहून अधिक आर्सेनिक निघाले.

शास्त्राला जे कळायचे ते बहुधा पहिल्या काही हजार नमुन्यांतच कळले असेल, आणि शोधनिबंध मोजणाऱ्या समितीला पुढचा सारा खटाटोप हमालीच वाटेल. परंतु दहा पावलांवरच्या दोन पंपांच्या पाण्यातही एवढा फरक असू शकतो, की शेजाऱ्याच्या निकालावरून आपल्या पंपाविषयी खात्रीने काहीच सांगता येत नाही. प्रत्येक घराला स्वतःच्या पंपाचा आकडा हवा असतो, आणि माझ्या मते या संशोधनाचा खरा उपयोग त्या हमालीतच होता.

कारणमीमांसेत मात्र हा गट चुकला होता. शेतीसाठी उपसा वाढल्याने भूजल खाली जाते, जमिनीत हवा शिरते आणि पायराइट या खनिजातून आर्सेनिक सुटते, असे त्यांनी मांडले होते. १९९८ मध्ये लंडन व ढाका येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी जवळजवळ उलटेच मांडले: नद्यांनी आणलेल्या गाळातील लोहसंयुगांना आर्सेनिक चिकटलेले असते, आणि कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यामुळे प्राणवायू संपला की ती संयुगे विरघळून ते पाण्यात उतरते. आज सर्वसाधारणपणे हेच मान्य आहे. पंपांचे आकडे त्यामुळे खोटे ठरले नाहीत.

न मोजण्याची किंमत बांगलादेशात दिसली. तिथे १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने पाणी तपासले, पण त्यात आर्सेनिकची चाचणीच नव्हती. पुढे एका पीडिताने विलायतेत दावा लावला. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने त्या संस्थेवर अशी जबाबदारी नव्हती असे ठरवले. कायद्याने ते बरोबर असेलही.

नंतर बांगलादेशाच्या सरकारने सुमारे ५० लाख पंप तपासून दूषित पंपांना लाल, चांगल्यांना हिरवा रंग दिला. तरीही धोक्यातल्या लोकांपैकी साधारण २९ टक्केच दुसऱ्या पंपाकडे वळले. ढाक्याजवळच्या आराइहाजार भागात कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने घरोघरी निकाल समजावून सांगितले, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी पंप बदलला, कारण हिरवा पंप बहुधा हाकेच्या अंतरावरच होता.

जिथे तो नव्हता तिथे खोल पंप हाच बऱ्याचदा उपाय होता. जुन्या थरांतले खोलवरचे पाणी बहुतांशी निर्धोक असते. पण सरकारी खोल पंप कुठे बसवायचे यात राजकारण्यांचा शब्द चालला, आणि २०१६ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने दाखवून दिल्याप्रमाणे कित्येक पंप त्यांच्या समर्थकांच्या खासगी आवारात गेले. कोणत्या वस्तीला पंपाची निकड आहे हे तपासणीच्या आकड्यांवरून काढता येत होते. आवाराचे फाटक उघडे ठेवायला लावणे त्या आकड्यांच्या हाती नव्हते.